लोकरवाल्याचा किल्ला

हे पिवळं, लाकडी चौकटीचं घर दिसतंय ना, हा स्टोकसे किल्ल्याचा दरवाजा. आतल्या इमारतीपेक्षा साडेतीनशे वर्षांनी तरुण, 1640 च्या आसपासचा, आणि कोरीवकामात ॲडम-ईव्ह पण आहेत, नीट बघा.

श्रॉपशायर, इंग्लंडची वेल्सकडची हद्द. स्टोकसेचा हा किल्ला बांधणारा लॉरेन्स ऑफ लडलो ना राजा ना सरदार, लोकरीचा व्यापारी होता, बड्याबड्यांना कर्ज द्यायचा. 1291 मधे त्याने राजा पहिल्या एडवर्डकडून तटबंदीची परवानगी काढली, पण गंमत म्हणजे तोवर बरंचसं बांधूनही झालं होतं.

आता हॉलमधे चला आणि मान वर करा. एवढं रुंद छप्पर आणि मधे खांब एकही नाही, सगळा भार त्या वाकड्या जाडजूड लाकडांवर. चूल जमिनीवर, हॉलच्या मधोमध, धुराड्याचा पत्ता नाही, धूर वरच घुमायचा, म्हणून लाकडं काळी पडलीत. आणि हा जिना, पायऱ्या अख्ख्या ओंडक्यातून काढलेल्या, सातशे वर्षांपूर्वीच्याच, आणि सुतारांनी जोडणीसाठी केलेल्या खुणा अजून लाकडावर दिसतात, त्यांची नावं मात्र कुठेच नाहीत.

1294 मधे लोकर घेऊन निघालेलं लॉरेन्सचं जहाज बुडालं, तोही गेला.

पुढे सिव्हिल वॉरमधे, म्हणजे राजा विरुद्ध संसद या यादवी युद्धात, किल्ला 1645 ला फार न लढता शरण आला म्हणून वाचला, तटाची भिंत तेवढी उतरवली. मग इथे शेतकरी, धान्य, पिंपं बनवणारे, लोहार, म्हणजे कोणी नटवायला आलंच नाही, आणि माझ्या मते तेच बरं झालं. 1869 मधे हातमोज्यांचा कारखानदार जॉन डर्बी ऑलक्रॉफ्टने घेतला, पैसा ओतला तो फक्त दुरुस्तीत, स्वतः राहायला आला नाही, नवीन खोल्या काढल्या नाहीत. लोकरवाल्याने बांधलं आणि हातमोजेवाल्याने राखलं!

थडग्यांमधून दोन मिनिटं चाललं की सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च. लढाईत त्याची मात्र पार वाट लागली होती. 1654 मधे, म्हणजे राजाला हटवून क्रॉमवेल सत्तेवर होता त्या काळात, देशात चर्चं बांधणं जवळपास बंद असताना, गावाने ते परत उभं केलं. भिंतींवर बायबलची वचनं रंगवलीयत आणि ही बाकं बघा, चक्क दारवाली, आत शिरायचं, बसायचं आणि दार ओढून घ्यायचं.