तक्त्यात न सापडणारी समिती : दुसऱ्या लोकसभेतले पक्ष आणि माणसं

नमस्कार श्रोतेहो.

1957 साली निवडून आलेल्या दुसऱ्या लोकसभेचा पक्षवार तक्ता कुठल्याही संदर्भग्रंथात मिळतो. काँग्रेस 371, कम्युनिस्ट पक्ष 27, प्रजा समाजवादी पक्ष 19, ओरिसातली गणतंत्र परिषद 7, झारखंड पार्टी 6, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन 6, जनसंघ 4, शेतकरी कामगार पक्ष 4, आणखी काही लहान पक्ष आणि अपक्ष 42. एकूण 494. हा तक्ता अचूक आहे. पण त्यात एक नाव शोधून सापडत नाही, आणि ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांच्या तोंडी पहिलं नाव तेच असायचं. ते म्हणजे संयुक्त महाराष्ट्र समिती.

समिती त्या निवडणुकीत जिंकली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात काँग्रेसचे भले भले पडले. मग लोकसभेच्या तक्त्यात समिती का नाही? कारण समिती हा पक्ष नव्हताच, ती आघाडी होती. 6 फेब्रुवारी 1956 ला पुण्यात टिळक स्मारक मंदिरात ती स्थापन झाली. त्यात कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, शेकाप होता, फेडरेशन होतं, आणि त्या निवडणुकीपुरता जनसंघही बरोबर होता. एकमेकांची तोंडं एरवी विरुद्ध दिशेला असलेली ही मंडळी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र या एका मागणीवर एकत्र आली. उमेदवार समितीचा, पण चिन्ह ज्याच्या त्याच्या पक्षाचं. कुठे विळा-कणीस, कुठे झोपडी, कुठे हत्ती, कुठे पणती. मतमोजणी झाल्यावर आयोगाने चिन्हांप्रमाणे हिशेब मांडला आणि समितीची माणसं पाच-सहा रकान्यांत विखुरली गेली.

म्हणून त्या लोकसभेतला महाराष्ट्र समजून घ्यायचा असेल तर तक्ता बाजूला ठेवून मतदारसंघांची यादी हातात घ्यावी लागते. तेव्हा आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात होतो. गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, विदर्भ, मराठवाडा सगळं एकत्र. लोकसभेच्या 66 जागा. त्यांतल्या 38 काँग्रेसला, म्हणजे उरलेल्या 28 विरोधकांना. सबंध देशात काँग्रेसला चारातल्या तीन जागा मिळत असताना या एका राज्यात पाचातल्या दोन जागा विरोधकांकडे गेल्या.

आता ही माणसं बघा. मुंबई शहर मध्य या मतदारसंघातून श्रीपाद अमृत डांगे. साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, 1942 च्या प्रतिसरकारचे नाना पाटील, लोकसभेत मराठीतून बोलणारे. दोघेही तक्त्यात कम्युनिस्ट रकान्यात. पुण्यातून ना. ग. गोरे. गोव्याच्या सत्याग्रहाची तुकडी घेऊन ते 1955 च्या मे महिन्यात हद्द ओलांडून गेले होते, पोर्तुगीजांनी त्यांना पकडून लांबलचक शिक्षा ठोठावली होती. तुरुंगातून सुटून ते आले आणि काकासाहेब गाडगीळांसारख्या बड्या नेत्याला हरवून लोकसभेत गेले. राजापुरातून नाथ पै, वय 34. कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातून, शेकापचे राजाराम राऊत. या कुलाब्याची गोष्ट मला फार बोलकी वाटते. 1952 मध्ये इथूनच चिंतामणराव देशमुख काँग्रेसतर्फे निवडून गेले होते, देशाचे अर्थमंत्री होते. मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि 1956 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. पुढच्याच निवडणुकीत त्यांच्या मतदारसंघाने काँग्रेसला नाकारलं.

धुळ्यातून उत्तमराव पाटील आणि रत्नागिरीतून प्रेमजीभाई आसर हे जनसंघाचे. देशभरात जनसंघाचे फक्त चार खासदार होते. त्यांतले दोन हे, आणि उत्तर प्रदेशातल्या दोघांपैकी एक बलरामपूरचे अटलबिहारी वाजपेयी, पहिल्यांदाच लोकसभेत आलेले. म्हणजे जनसंघाच्या त्या चिमुकल्या गटातला निम्मा भाग समितीच्या लाटेवर आला होता.

अपक्षांच्या रकान्यात तर सगळ्यात जास्त गफलत आहे. अपक्ष म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुणाचाही नसलेला, एकटा उभा राहिलेला माणूस येतो. त्या 42 जणांत तसे काही होतेच. पण पूर्व खानदेशातून आलेले नौशेर भरुचा, मुंबईचे पारशी वकील, समितीचे होते. नगरचे र. के. खाडिलकर समितीचे होते. अहमदाबादचे इंदुलाल याज्ञिक वेगळ्या गुजरातसाठी लढणाऱ्या महागुजरात जनता परिषदेचे होते, आणि त्यांनी केंद्रातले कामगारमंत्री खंडुभाई देसाई यांना हरवलं होतं. मद्रास राज्यातून द्रविड मुन्नेत्र कळघमचे दोघे आले होते, पण तो पक्ष अजून मान्यताप्राप्त नसल्यामुळे तेही अपक्षांतच मोजले गेले. ज्या चळवळींनी पुढे देशाचा नकाशा आणि राज्यांचं राजकारण बदललं, त्या सगळ्या या एका 'अपक्ष' रकान्यात बसवलेल्या आहेत. आकडा खरा आहे, पण त्याच्यावर विसंबून राहिलं तर चित्र खोटं पडतं.

श्रोतेहो, आता जरा थांबून एका गोष्टीकडे नीट पाहू, कारण आजच्या तरुण श्रोत्यांना ती माहीत असण्याचं कारण नाही. तेव्हा जोडमतदारसंघ असायचे. 494 जागा, पण मतदारसंघ 403. त्यांतल्या 312 मधून एकेक खासदार आणि 91 मधून दोन-दोन. दोनांतली एक जागा अनुसूचित जातीसाठी किंवा जमातीसाठी राखीव. मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका पडायच्या. शिक्का मारायची पद्धत अजून आली नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. मतदाराने पडद्याआड जाऊन एक पत्रिका या पेटीत आणि दुसरी त्या पेटीत टाकायची. दोन्ही मतं एकालाच द्यायची मुभा नव्हती.

या पद्धतीत जोडीला जोड मिळणं महत्त्वाचं असायचं. आपल्या माणसांनी पहिलं मत आपल्याला दिलं तरी दुसरं कुठे जातं यावर बाजूच्या उमेदवाराचं नशीब ठरायचं. 1952 साली मुंबई उत्तर या जोडमतदारसंघात डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते. समाजवादी पक्षाशी समझोता होता, जोडीला अशोक मेहता. त्याच मतदारसंघात डांगेही उभे, आणि कम्युनिस्टांचा बाबासाहेबांना विरोध. घटनेचे शिल्पकार सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले, काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर निवडून आले. पहिल्या लोकसभेच्या सभागृहात बाबासाहेबांना जागा मिळाली नाही, 1954 मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही नाही. या पराभवाची सल अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या राहिली, आणि राहणं स्वाभाविक आहे.

आता 1957. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण होऊन तीन महिनेही झालेले नाहीत. मुंबई शहर मध्य हाही जोडमतदारसंघ. समितीची जोडी कोणती? डांगे आणि फेडरेशनचे गो. का. माने. पाच वर्षांपूर्वी ज्या डांग्यांनी बाबासाहेबांविरुद्ध निवडणूक लढवली, त्यांच्या विळा-कणसाच्या शेजारी आता बाबासाहेबांच्या पक्षाचा हत्ती. दोघेही निवडून आले. कोल्हापुरात शेकापचे भाऊसाहेब महागावकर आणि फेडरेशनचे एस. के. डिगे, दोघेही निवडून आले. एकमेकांवरचा अविश्वास त्या माणसांनी बाजूला ठेवला, आणि तोही मतपेटीपाशी, जिथे कुणी बघत नसतं. मला वाटतं, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातलं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी बोललं गेलेलं यश आहे. मोर्चे, सभा, हुतात्मे यांच्या आठवणी आपण जपतो, जपल्याच पाहिजेत. पण या जोड्यांची आठवणही त्यांच्या शेजारी ठेवायला हवी.

फेडरेशनच्या सहा जागांतल्या पाच मुंबई राज्यातल्या आणि सहावी शेजारच्या म्हैसूर राज्यात, चिकोडीतून दत्ता कट्टी यांची. नाशिकहून कर्मवीर दादासाहेब गायकवाड गेले, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहातले. कोपरगावातून बी. सी. कांबळे आले, तेही बाबासाहेबांचे जवळचे सहकारी. 3 ऑक्टोबर 1957 ला नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली आणि ही मंडळी लोकसभेत रिपब्लिकन म्हणून बसू लागली. म्हणजे निकालाच्या तक्त्याची शाई वाळते न वाळते तोच त्यातलं एक नाव बदललं होतं.

ठाण्याच्या जोडमतदारसंघात तर दोन्ही जागा कम्युनिस्टांकडे गेल्या. शामराव परुळेकर आणि आदिवासी राखीव जागेवर लक्ष्मण मातेरा. वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध 1945 मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी जो लढा उभा केला, त्याचीच ही पोच होती.

या पद्धतीचा शेवटही त्याच निवडणुकीतून झाला. आंध्रातल्या पार्वतीपुरम् इथे व्ही. व्ही. गिरी, जे पुढे राष्ट्रपती झाले, सर्वसाधारण जागेवर पडले, कारण राखीव जागेसाठी उभ्या असलेल्या दोन आदिवासी उमेदवारांना त्यांच्यापेक्षा जास्त मतं पडली. कायद्याप्रमाणे एकाला राखीव जागा मिळाली आणि दुसऱ्याला खुली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, तिथे गिरी हरले. 1961 मध्ये कायदा करून जोडमतदारसंघ रद्द झाले. गैरसोय होती, खर्च होता, मतदारसंघ अवाढव्य होते, हे सगळं मान्य. पण आदिवासी उमेदवार खुल्या जागेवर निवडून येऊ लागल्यावरच ही पद्धत खटकू लागली, याची नोंद मी इथे करून ठेवतो.

विदर्भात आणि मराठवाड्यात चित्र निराळं होतं. नागपुरातून अनसूयाबाई काळे, औरंगाबादेतून स्वामी रामानंद तीर्थ, दोघेही काँग्रेसचे. मुंबईतही दक्षिणेकडे स. का. पाटील आणि उत्तरेकडे कृष्ण मेनन यांनी काँग्रेसच्या जागा राखल्या. समितीची लाट सगळीकडे सारखी नव्हती.

सभागृहात विरोधी पक्षनेता कुणीच नव्हता. त्या मान्यतेसाठी एक दशांश सदस्य लागत आणि कम्युनिस्ट सत्तावीसच. हे पद लोकसभेत पहिल्यांदा मिळालं ते 1969 मध्ये, काँग्रेस फुटल्यावर. काँग्रेसला मतं जवळजवळ 48 टक्के आणि जागा 75 टक्के, एवढी ती तफावत होती. तरीही 371 चा गट मुका नव्हता. डिसेंबर 1957 मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर का घेतले, हा प्रश्न भर सभागृहात लावून धरला तो काँग्रेसच्याच फिरोज गांधींनी, पंतप्रधानांच्या जावयाने. न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली, ऐकायला लोकांची झुंबड उडाली, आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पद सोडावं लागलं.

समितीच्या खासदारांचं दिल्लीतलं काम एका वाक्यात सांगायचं तर, द्वैभाषिक राज्य लोकांना मान्य नाही हे त्यांनी देशाच्या सभागृहाला विसरू दिलं नाही. बाहेर आंदोलन चालूच होतं, 30 नोव्हेंबर 1957 ला प्रतापगडावर पंडित नेहरू शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हाची निदर्शनं अनेकांना आठवत असतील. आणि आत डांगे, गोरे, नाथ पै बोलत होते. नाथ पै बोलायला उभे राहिले की सरकारी बाकांवरचे लोकही कान देत. 1960 मध्ये मुंबई पुनर्रचना विधेयक याच लोकसभेने मंजूर केलं आणि 1 मे रोजी महाराष्ट्र राज्य झालं. ज्या सभागृहात काँग्रेसच्या 371 जागा होत्या, त्याच सभागृहाकडून समितीची मागणी पुरी झाली. बेळगाव, कारवार, निपाणी मात्र बाहेर राहिले.

मागणी पुरी झाली तशी आघाडीही सुटली. जनसंघ आधीच बाजूला झाला होता, मग समाजवादी गेले. 1962 ला नव्या महाराष्ट्राने तिसऱ्या लोकसभेसाठी 44 खासदार निवडले, त्यांत काँग्रेसचे 41. डांगे पडले, नाना पाटील पडले. दादासाहेब गायकवाड राज्यसभेत गेले. र. के. खाडिलकर खेडमधून काँग्रेसचे खासदार झाले. पुण्यात काँग्रेसच्या तिकिटावर शंकरराव मोरे निवडून आले, शेकापच्या संस्थापकांपैकी एक, ज्यांनी 1952 मध्ये लोकसभेच्या पहिल्या अध्यक्षपदासाठी दादासाहेब मावळंकरांविरुद्ध निवडणूक लढवली होती. आणि प्रजा समाजवादी पक्षाच्या रकान्यात महाराष्ट्रातून एकच आकडा होता, तो राजापूरच्या नाथ पैंचा.

नमस्कार.