पावसाळ्यानंतर जुनी जिप्सी: एक खाली, एक वर

नमस्कार मंडळी. दसरा जवळ आला की इंदूरच्या आपल्या घरांमधून गाड्या धुतल्या जातात, खंडेनवमीला पान्या-पेचकसांना हळदकुंकू लागतं, गाडीला झेंडूचा हार पडतो. त्याच्या आधीचा एक रविवार मोकळा ठेवा आणि एका मित्राला बोलवा. तुमची फोर बाय फोर जुनी असेल आणि पावसाळ्यात चोरल किंवा पातालपानीकडे ओढ्यातून गेली असेल, तर तिच्या पोटात पाणी शिरलंय का ते बघायची हीच वेळ आहे.

आपल्यासमोर आहे मारुतीची 1,298 सीसीची जिप्सी किंग. इंजिन ऑइल सगळेच बदलतात. गिअर बॉक्स, ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी), पुढचं डिफरन्शियल आणि मागचं डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला गिअरांचा गोळा) हे खालचे चार कप्पे मात्र वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही.

पाणी आत जातं कसं? गाडी पंचवीस-तीस किलोमीटर चालून आली की डिफरन्शियल चांगलं तापलेलं असतं, आतली हवा फुगलेली असते. अशा गरम ॲक्सलनं तुम्ही थंड पाण्यात उतरता. आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. तिथून हवा आत-बाहेर करायला ॲक्सलच्या पाठीवर एक छोटा ब्रीदर असतो. तो पाण्याखाली गेला तर पाणीच ओढलं जातं. तो चोंदलेला असेल, तर पाणी ऑइल सीलच्या, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी कडीच्या, ओठातून वाट काढतं.

(क्लोज-अप: ब्रीदरची टोपी)

हा बघा. करंगळीच्या नखाएवढी टोपी आहे. बोटानं फिरवली तर सैल हलायला हवी. ही हलत नाहीये, कारण माळव्याची काळी माती. ओली असताना लोण्यासारखी चिकटते, वाळली की दगड होते. काडीनं कोरून काढा, डिझेलचा ब्रश मारा, टोपी हलायला लागेपर्यंत सोडू नका. दरवर्षी पाण्यात जाणार असाल तर टोपी काढून त्या मापाची फ्युएल होज बसवा आणि तिचं टोक वर इंजिनच्या खोलीत नेऊन बांधा. माझ्या मते या गाडीवर एवढा स्वस्त आणि एवढा कामाचा बदल दुसरा नाही.

आता सामान. गिअर बॉक्सला 1.3 लिटर, ट्रान्सफर केसला 0.8 लिटर: दोन्हीकडे 80डब्ल्यू-90 (हा ऑइलचा दाटपणा), जीएल-4 (हा गिअर ऑइलचा प्रकार). पुढच्या डिफरन्शियलला 2 लिटर, मागच्याला 1.5 लिटर: 80डब्ल्यू-90, पण जीएल-5. डबे अदलाबदल करू नका. गिअर बॉक्समध्ये सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या, रिंगा पितळी असतात आणि जीएल-5 मधली रसायनं पितळेला मानवत नाहीत. म्हणजे जीएल-4 अडीच लिटर, जीएल-5 चार लिटर आणा. सोबत ऑइल भरायचा हातपंप, रुंद घमेलं, तारेचा ब्रश. कप्प्यांच्या प्लगला, म्हणजे ऑइलच्या बुचांना, कोणतं तोंड आहे ते दोन दिवस आधी खाली वाकून बघा आणि त्याच मापाचा पाना किंवा चावी सियागंजातून घेऊन या. पाइप पाना लावलात की कोपरे गोल झालेच म्हणून समजा.

गाडी सपाट जागेवर हवी. उतारावर लेव्हल खोटी दिसते. आधी दहा किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे ऑइल पातळ होईल. मग पहिला गिअर, हँडब्रेक, चारही चाकांना विटा. आणि एक गोष्ट नीट बघा: ट्रान्सफरचा छोटा लिव्हर न्यूट्रलवर राहिला असेल तर पहिला गिअर टाकूनही गाडी घरंगळते, कारण मध्येच जोड तुटलेला असतो. मित्र खाली शिरायच्या आधी तो लिव्हर वर थांबणाऱ्यानं हात लावून तपासायचा.

आता प्लग. प्रत्येक कप्प्याला दोन असतात: वरचा भरायचा, खालचा काढायचा. आधी वरचाच उघडा. खालून सगळं ऑइल सोडलं आणि वरचा प्लग गंजून अडकला, तर गाडी जागेवरून हलत नाही आणि मिस्त्रीला घरी बोलवावं लागतं.

खालचा प्लग सुटला की धारेकडे बघा. दूध घातलेल्या चहासारखा रंग असेल तर पाणी गेलंय. मग नवं भरून वीस किलोमीटर चालवायचं आणि तेही काढून टाकायचं. त्यासाठी ऑइल जास्त लागेल, पण बेअरिंगांपेक्षा ते स्वस्तच पडतं. चुंबकी प्लगवर करडा बारीक गाळ असणारच, ती रोजची झीज. बोटांना टोचतील असे लोखंडी कपचे निघाले तर मात्र काम थांबवा. गिअर बॉक्सच्या ऑइलमध्ये सोनेरी कण चमकले तर सिंक्रोनायझर झिजतायत.

भरायला दोघं हवेतच. वरचा पंप मारतो, खालचा नळी भोकात धरून बसतो आणि भोकातून ऑइल ओघळायला लागलं की "बस" म्हणतो. लिटरचे आकडे खरेदीसाठी. लेव्हल ठरवतं ते भोक. ओघळ थांबू द्या, मग प्लग लावा. वॉशर असेल तर नवा. आटे निमुळते असतील तर वॉशर नसतो, थोडं सीलंट पुरतं. पान्याला पाइप जोडून आवळू नका, ॲल्युमिनियमच्या बॉडीचे आटे जातात.

पुढच्या चाकामागचा हा गोळा, याला नकल म्हणतात. आत ग्रीस असतं. इथून काळपट पातळ ऑइल गळतंय आणि पुढच्या डिफरन्शियलची लेव्हलही कमी निघाली, तर आतलं ॲक्सल सील गेलंय. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ऑइल ब्रेक शूजपर्यंत पोचायच्या आत सील बदला.

मित्र आहेच, तर आणखी एक तपासणी करून घ्या. पुढचा ॲक्सल जॅकनं उचला, खाली घोडी लावा, नुसत्या जॅकवर भरवसा नको. चाक वर-खाली धरून हलवा. लटपटलं तर मित्राला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. लटपट गेली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तशीच राहिली तर किंगपिन बेअरिंगचा, म्हणजे ज्यावर नकल वळतो त्या बेअरिंगचा. मिस्त्रीकडे जायच्या आधी हे ठाऊक असलं की नको ते सुटे भाग पदरात पडत नाहीत.

काढलेलं ऑइल नाल्यात ओतू नका, आपले नाले थेट कान्ह नदीला मिळतात. त्याच डब्यांत भरा, झाकण घट्ट लावा आणि जळकं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथरून ठेवा. सकाळी डाग ज्या कप्प्याखाली दिसेल, तोच प्लग पुन्हा पाव फेरा आवळा.