नशीब कुठं ठेवलंय?

[टेबल, वरून. एक फासा, एक बंद पुडी.]

टेबलावर दोन वस्तू आहेत. हा निळा फासा, वीस बाजूंचा, वापरून वापरून कोपरे गुळगुळीत झालेला. आणि ही चकचकीत पुडी, अजून न फोडलेली. आत पत्ते आहेत, कुठले ते देवालाही माहीत नाही. फासा कितीला घेतला होता ते मला आठवत नाही. पुडीची किंमत मात्र पक्की आठवते, कारण घरी विचारणा झाली होती आणि मी निम्मीच सांगितली होती.

फाशाचा खेळ म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, आम्ही नुसतं डीएनडी म्हणतो. पुडीचा खेळ मॅजिक: द गॅदरिंग. दोन्ही अमेरिकेत जन्मले, दोन्ही आज एकाच कंपनीच्या, विझर्ड्स ऑफ द कोस्टच्या, दावणीला बांधलेत, आणि मी दोन्हीच्या नादी लागलोय. दोन्हीकडे नशीब लागतं. पण ते नशीब ठेवलंय कुठं, यावरून माझं आणि आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या मंडळींचं गेली कित्येक वर्षं भांडण चालू आहे. ते म्हणतात, पुडी फोडण्यातच मजा आहे. आज माझी बाजू मांडतो.

[तळ्याकाठचं गाव. हिवाळा.]

विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा. 1970 मध्ये इथल्या गॅरी गायगॅक्स यांची विमा कंपनीतली नोकरी गेली. पोटासाठी हा माणूस घरच्या तळघरात लोकांचे बूट दुरुस्त करायचा, आणि उरलेल्या वेळात शिशाचे चिमुकले सैनिक मांडून लढाया खेळायचा. अशा लढाया खेळणारी मंडळी तेव्हा अमेरिकेत गावोगाव होती. फूटपट्टीने अंतर मोजायचं, तक्ते बघायचे, फासे टाकायचे. एक खेळाडू म्हणजे अख्खी फौज.

शेजारच्या मिनेसोटात 1969 मध्ये डेव्ह वेस्ली नावाच्या गड्याने यात एक खोडी काढली. फौजा काढून टाकल्या आणि प्रत्येकाला एकेक माणूस दिला. एका काल्पनिक प्रशियन गावातला महापौर, सावकार, विद्यार्थ्यांचा पुढारी. लोक लगेच कोपऱ्यात जाऊन कुजबुजायला लागले, एकमेकांशी खोटं बोलायला लागले. वेस्लीला वाटलं, खेळ पार फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा कधी?

त्या खेळाडूंत डेव्ह आर्नेसन होता. त्याने हीच युक्ती ब्लॅकमूर नावाच्या किल्ल्याखालच्या तळघरात नेली. तिथे एक अडचण आली. लढाईच्या जुन्या नियमांत एक घाव बसला की माणूस खलास. फौजेतला शिपाई मेला तर कोण रडतंय? पण तुम्ही स्वतःच तो शिपाई असाल, त्याला नाव दिलं असेल, तर एका घावात मरणं जिवावर येतं. आर्नेसनने नौदलाच्या लढाईचे नियम आणले. जहाज एका गोळ्याने बुडत नाही, थोडं थोडं मोडत जातं. माणसालाही तसंच केलं. आज कितीतरी व्हिडिओ गेममध्ये पात्राच्या डोक्यावर जी जीव दाखवणारी पट्टी असते, तिचं मूळ त्या कागदी जहाजांत आहे.

गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी मिळून जे लिहिलं ते 1974 मध्ये छापलं. लाकडी रंगाचं खोकं, आत तीन पुस्तिका, किंमत 10 डॉलर, पहिली आवृत्ती 1000 प्रतींची. खोकी घरीच भरली. वीस बाजूंचे फासे शाळांना साहित्य विकणाऱ्या एका कंपनीच्या कॅटलॉगातून मिळवले. त्या फाशांवर एक ते वीस नव्हतंच, शून्य ते नऊ दोनदा होतं. मग लोक निम्मे आकडे रंगीत खडूने रंगवायचे, म्हणजे तीन कुठला आणि तेरा कुठला ते कळावं. मला या खेळाचा जीव त्या खडूत दिसतो.

[घर. जेवणाचं टेबल, कागद, पेन्सिली, शेंगदाण्याचा लाडू.]

ज्यांनी कधी खेळलं नाही त्यांच्यासाठी. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे गोष्टीतली माणसं. डीएम म्हणतो, समोर दार आहे, आतून कडी आहे. मी म्हणतो, खांद्याने धडक मारतो. डीएमने मनात आकडा धरलाय, समजा पंधरा. मी फासा टाकतो, माझ्या ताकदीचे दोन-तीन त्यात मिळवतो. पंधरा किंवा वर आलं तर दार तुटलं. नाही आलं तर खांदा दुखला आणि आतल्यांना कळलं.

प्रत्येक बाजूला पाच टक्के. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत एक साधा नियम आला: परिस्थिती तुमच्या बाजूची असेल तर फासा दोनदा टाका, मोठा आकडा धरा. वीस पडण्याची शक्यता पाचावरून पावणेदहा टक्क्यांवर जाते. एवढंच. अधिक-उण्याचे कितीतरी हिशोब बाद झाले. मी जुन्या आवृत्त्यांचा भक्त असूनही हे कबूल करतो.

पण खरी गंमत आकड्यात नाहीच. आमच्या टेबलावर मंत्रांची नावं इंग्रजी, बाकी सगळं मराठी. डीएमचं आजोळ कुडाळचं, त्यामुळे आमचे गॉब्लिन मालवणी बोलतात. गुहेच्या तोंडाशी अंधारातून "खंय चललास रे मेल्या?" असं आलं की तलवार उपसायच्या आधी हसू येतं. आमच्यात एक दाताचे डॉक्टर आहेत, पन्नाशीचे, एरवी अत्यंत मितभाषी. खेळात ते भुरटे चोर आहेत आणि इतकं सफाईने खोटं बोलतात की आता माझी त्यांच्या खुर्चीत बसायची हिंमत होत नाही.

यातलं काय विकता येतं? पुस्तक विकता येतं. ते एकदा घेतलं की दहा वर्षं पुरतं, आणि सहा जणांत एक पुरतं. कंपनीची दुखरी नस हीच. खेळाचा नियमांचा गाभा 2000 पासून खुल्या परवान्यावर होता, कोणीही त्यावर आपली साहसं लिहून विकू शकत होता. जानेवारी 2023 मध्ये तो परवाना मागे घेण्याचा मसुदा फुटला, आणि खेळणाऱ्यांनी असा गोंधळ घातला की त्याच महिन्यात कंपनीने माघार घेऊन नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या दुसऱ्या खुल्या परवान्याखाली कायमचा मोकळा केला. मी तेव्हा पेढे वाटले होते. घरच्यांना वाटलं, मला बढती मिळाली.

[पुडीवर कॅमेरा. बोटं. अजून फोडत नाही.]

आता ही.

रिचर्ड गारफील्ड गणिताचा माणूस, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीएचडी करत होता. सिएटलजवळच्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या तेव्हाच्या चिमुकल्या कंपनीकडे तो एक बोर्ड गेम घेऊन गेला. कंपनीच्या पीटर ॲडकिसननी सांगितलं, हा छापणं परवडणार नाही. खेळणाऱ्यांच्या संमेलनात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात खेळता येईल असं काहीतरी सुटसुटीत आण. गारफील्डने जे आणलं ते ऑगस्ट 1993 मध्ये बाजारात आलं.

त्यातली कल्पना अस्सल होती, हे माझ्यासारख्या तक्रारखोरालाही मान्य करावं लागतं. आपल्याकडे सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा बघा. 120 गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का मोठा. हाताने रंगवलेला प्रत्येक पत्ता भिंतीवर लावावा असा. पण डाव मांडला की सगळ्यांपुढे तेच 120 पत्ते. मेंढीकोट घ्या, बदाम सात घ्या, तेच. नशीब आहे, पण ते पिसण्यात आहे आणि पिसणारा समोर बसलेला आहे. गारफील्डने विचारलं, प्रत्येकाने आपला जोड घरून आणला तर? आणि खेळाच्या सगळ्या पत्त्यांतले कुठले तुमच्याकडे असतील हे ठरलेलंच नसेल तर?

तेव्हाच्या पंधरा पत्त्यांच्या पुडीत अकरा साधे, तीन जरा कमी सापडणारे, एक दुर्मीळ. गारफील्डचा हिशोब असा की माणूस बोर्ड गेमवर जेवढे पैसे खर्च करतो तेवढेच यावर करेल, दोन-चार पुड्या घेईल, त्यामुळे एखादा फार जबर पत्ता अख्ख्या मित्रमंडळात एखादाच असेल. गणितज्ञाची एकच चूक झाली. मोहाला त्याने समीकरणात धरलंच नाही. लोकांनी पेट्याच्या पेट्या घेतल्या.

मला नवल वाटायचं कारण नव्हतं. लहानपणी बबलगमच्या वेष्टनात क्रिकेटपटूंची चित्रं यायची, त्यावर धावा लिहिलेल्या. गम मी थुंकून द्यायचो.

ब्लॅक लोटस हा सगळ्यात गाजलेला पत्ता. फुकटात खेळायचा, आणि तीन पाळ्या पुढची शक्ती पहिल्याच पाळीत मिळवायची. पहिल्या छपाईत तो सुमारे अकराशे निघाला. 2021 मध्ये असा एक पत्ता पाच लाख डॉलरच्या वर गेला. त्यावरचं कमळ छान आहे, नाही म्हणत नाही. पण तो पत्ता आज क्वचितच कोणी खेळतं, बहुतेक जण जाड प्लॅस्टिकमध्ये बंद करून तिजोरीत ठेवतात. गंजिफा निदान भिंतीवर तरी लागतो.

सुरुवातीच्या नियमांत आणखी एक गोष्ट होती. डाव सुरू करताना दोघांनी आपल्या जोडातला एकेक पत्ता बाजूला ठेवायचा, जिंकेल त्याने दोन्ही न्यायचे. गोट्यांचा हिशोब. हा नियम पुढे काढून टाकला, जुगाराचा वास यायला लागला म्हणून. माझ्या मते काढायचा होता तो दुसराच. हरल्यावर पत्ता देणं निदान समोरासमोर होतं, दोघांनी खेळून. पुडी फोडणं म्हणजे एकट्याने हरणं.

1995 मध्ये कंपनीने जुने पत्ते पुन्हा छापले, तर संग्राहक खवळले. 1996 मध्ये कंपनीने यादीच केली: हे पत्ते पुन्हा कधीच छापणार नाही. टंचाईचा लेखी शब्द! 2022 मध्ये तिसाव्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने त्या पत्त्यांच्या प्रतिकृती काढल्या. चार पुड्या, साठ पत्ते, 999 डॉलर, आणि स्पर्धेत चालणार नाहीत. म्हणजे खोट्या नोटा, खऱ्या भावात. आणि एक कडेची गोष्ट. मॅजिकचे पहिले पत्ते छापले गेले बेल्जियममध्ये. त्याच बेल्जियमने 2018 मध्ये व्हिडिओ गेममधल्या पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना जुगार ठरवलं. कागदाच्या पुडीला मात्र हात लावला नाही.

[खोकं उघडतं. कव्हरातले पत्ते, शेकड्यांनी.]

तरी मी खेळतो. कसा, ते सांगतो. हे खोकं म्हणजे आमचा क्यूब. 360 पत्ते, वर्षानुवर्षं जमवलेले, काही शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून काढलेले. आठ जण बसतात, प्रत्येकाला पंधराचे तीन गठ्ठे. एक पत्ता ठेवायचा, उरलेले डावीकडच्याला द्यायचे. रात्री सगळे परत खोक्यात. कोणी काही घरी नेत नाही, कोणाचं काही जात नाही. आणि खेळ तोच आहे, गारफील्डचाच, तितकाच धारदार.

त्याच गारफील्डचा नेटरनर नावाचा दुसरा पत्त्यांचा खेळ आहे, 1996 चा. 2012 मध्ये तो ठरावीक पत्त्यांच्या संचात पुन्हा निघाला, नशिबाची पुडी नाही. 2018 मध्ये तोही बंद पडला. तेव्हापासून खेळाडूच नवे पत्ते लिहितात, काढतात, आणि घरी छापायच्या फायली फुकट देतात. आमच्यातले विरोधक म्हणतात, पुडी फोडण्याची मजा तुला कळतच नाही. कळते हो. कळते म्हणून तर ही अजून फोडली नाही.

[त्याच टेबलावर रात्र. आवाज वाढलेले.]

गेल्या शनिवारी आमच्या डॉक्टरांनी पुलावरून उडी मारायची ठरवली. खाली नदी, मागे अकरा गॉब्लिन, सगळे कुडाळचे. फासा टाकला तो टेबलावरून उडाला आणि सोफ्याखाली गेला. सहा माणसं, त्यातली चार चाळिशीपलीकडची, गुडघ्यांवर. मोबाइलचा उजेड. वीस!

आमच्यात नियम आहे, जमिनीवर पडलेला फासा धरत नाहीत. डॉक्टर म्हणाले, सोफ्याखालची जागा जमीन कशी? तिथे गालिचा आहे. त्यावर पाऊण तास वाद झाला, चहा झाला, मत टाकून झालं. तीन विरुद्ध तीन. शेवटी डीएम म्हणाला, पुन्हा टाका.

सात पडले.

[नदी. अंधार. "खंय गेलो रे?"]