गोचीड कुत्र्यावर कमी, घरात जास्त

(पुण्यात घरी कुत्री-मांजरं पाळणाऱ्या मंडळींसमोर एका पशुवैद्यांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या प्राण्यांच्या दवाखान्यांत एक वाक्य रोज ऐकू येतं, "डॉक्टर, दोन दिवस झाले, हा खातच नाहीये." कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. हा १०४ ला पोचलेला असतो. ओठ वर करून हिरड्या बघाव्यात तर फिकट, कधी त्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. रक्त तपासलं की प्लेटलेट, ज्या दोन लाखांच्या आसपास किंवा वर असायला हव्यात, त्या ४० हजारांवर आलेल्या. हा गोचीड ताप. आणि मग घरचे म्हणतात, "पण आम्हाला एकच गोचीड दिसली होती हो, आणि ती लगेच काढून टाकली."

आज मुख्यतः या 'एकच दिसली होती'बद्दलच बोलायचं आहे.

आपल्याकडे कुत्र्यांवर सर्रास सापडते ती तपकिरी गोचीड. ती आयुष्यात तीनदा रक्त पिते. अंड्यातून बाहेर पडलेलं सहा पायांचं बारीक पिल्लू एकदा पितं, कात टाकून आठ पायांचं झालं की दुसऱ्यांदा, आणि पूर्ण वाढ झाल्यावर तिसऱ्यांदा. दर वेळी काही दिवस अंगावर, मग खाली. उरलेला सगळा काळ ती भिंतीच्या फटीत, पलंगामागे, सोफ्याच्या खालच्या कापडात, खिडकीच्या चौकटीत काढते. टम्म फुगलेली करडी मादी अंगावरून पडते ती अंडी घालायलाच. अंडी किती, तर हजारांत, चार हजारांपर्यंतसुद्धा. एवढी माया मागे ठेवून ती मरते. तिची वाढ झालेली पिल्लं उपाशीपोटी कित्येक महिने कुत्र्याची वाट बघत बसू शकतात. म्हणजे कुत्र्याच्या कानात तुम्हाला एक दिसते तेव्हा घरात किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

पुण्यात लोक सगळा दोष टेकडीला देतात. "वेताळ टेकडीला नेलं ना, तिथूनच आली," किंवा तळजाईहून. गवतातल्या गोचिडी असतात, नाही असं नाही. पण तपकिरी गोचिडीला कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेचा आसरा लागतो. सोसायटीचं पार्किंग, वॉचमनच्या केबिनमागची भिंत, गावाला जाताना कुत्र्याला ठेवता ते बोर्डिंग, या तिच्या खऱ्या जागा. म्हणून टेकडी बंद करू नका, त्याला तिथे पळू द्या. परत आल्यावर पाच मिनिटं द्या. कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी, आणि बोटांच्या बेचक्यांत, कारण तिथे हमखास राहून जाते. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल नको, काडीचा चटका नको, नखाखाली चिरडणं तर मुळीच नको. बाटलीच्या झाकणात थोडं स्पिरिट घ्या आणि त्यात टाका.

मात्र 'लगेच काढली' यावर विसंबू नका. गोचीड तापाचा एक मोठा कारक म्हणजे एर्लिकिया नावाचा जिवाणू. तो गोचीड चिकटल्यापासून काही तासांत रक्तात उतरू शकतो. दुसरा कारक बबेसिया नावाचा एकपेशीय परजीवी, तो रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. मग लघवी कॉफीसारखी होते, डोळे पिवळे दिसतात. एर्लिकियाची वाईट खोड अशी की पहिला ताप कधी आपोआप उतरतो, कुत्रा खायला लागतो, घरचे निश्चिंत होतात आणि आजार आत दबून राहतो. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, नाकातून रक्त येतं तेव्हा तो अस्थिमज्जेपर्यंत गेलेला असू शकतो. जर्मन शेफर्डमध्ये तर तो फार जोरात येतो. यावरच्या डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा कोर्स चार आठवड्यांचा असतो. चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारायला लागला म्हणून गोळ्या बंद करणारे मला दरवर्षी भेटतात. कृपा करून असं करू नका.

मग करायचं काय? गोचिडींवर जी चघळायची गोळी मिळते, काही महिन्याला एक तर काही बारा आठवड्यांना एक, तिचं काम कसं चालतं ते समजून घ्या. औषध रक्तात असतं. गोचीड चावते आणि मग मरते. त्यामुळे गोळी दिल्यावरही एखादी अंगावर दिसली तर "औषध खोटं निघालं" असं म्हणू नका, ती बहुधा मेलेली किंवा मरायला टेकलेली असते. आणि घरातल्या फटींतून पुढचे काही महिने नव्या येतच राहणार, म्हणून दोन डोसांत खंड पडता कामा नये. खंड न पाडता गोळी घेणारा कुत्रा घरातल्या एकेक गोचिडीचा बंदोबस्त करतो. त्याला फिट येत असतील तर मात्र आधी डॉक्टरांना सांगा, या गटातल्या औषधांनी झटके येऊ शकतात. मानेवर टाकायचे थेंब वापरणार असाल तर आदल्या आणि पुढच्या दोन दिवसांत आंघोळ नको. जोडीला अंथरूण गरम पाण्यात धुवा, फटी व्हाइट सिमेंटने बुजवा. आणि गोळी वजनावर असते. गेल्या वर्षी बारा किलोचा होता तो आता अठराचा झाला असेल, तर जुन्या मापाचा डोस अपुरा पडतो.

लसूण खाऊ घालू नका. "गोचीड लागत नाही, जंतही पडतात" हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं असेल, पण कांदा-लसूण कुत्र्यामांजरांच्या तांबड्या पेशी मोडतात.

जंतांचं गणितही असंच, डोळ्यांना दिसतं त्यापलीकडचं. "विष्ठेत काही दिसलं नाही, मग औषध कशाला?" गोल जंताची अळी आईच्या पोटातच पिल्लात शिरते. अंकुशकृमी आईच्या दुधातून येतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. महिन्याभराचं पिल्लू त्याने पांढरंफटक पडून दगावू शकतं आणि तोवर विष्ठेत एक जंतही दिसलेला नसतो. त्याची अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच कळतात. चिमूटभर विष्ठा मिठाच्या दाट द्रावणात कालवली की अंडी हलकी असल्यामुळे वर तरंगतात, ती काचेवर घेऊन बघायची. म्हणून पिल्लाला दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरवड्याला दोन महिन्यांपर्यंत, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत दरमहा, आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी औषध. शेपटीखाली भाताच्या शितांसारखे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी आणि तो पिसू गिळल्याने होतो. तिथे नुसतं जंताचं औषध देऊन भागत नाही, पिसवाही घालवायला हव्यात. पिसवा आहेत का हे बघायची सोपी युक्ती आहे. बारीक फणीने निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

आता मांजरं. कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. कुत्र्यांच्या काही थेंबांत आणि पावडरींत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. त्याने मांजर थरथरायला लागतं, झटके येतात, आणि जीव जातो. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी, अर्धीसुद्धा, मांजराला विष आहे. फिनेलने पुसलेल्या फरशीवरून चालून पंजे चाटलेलं मांजरही आजारी पडतं.

आणि दुसरी गोष्ट. "सुनेला दिवस गेलेत, मांजर कुठे देता येईल?" मांजराच्या विष्ठेतून पसरू शकणारा आणि पोटातल्या बाळाला अपाय करू शकणारा टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू आहे, त्याची भीती खोटी नाही, पण मांजर सोडून येणं हा त्यावरचा उपाय नाही. मांजर हा जंतू सहसा आयुष्यात एकदाच, आठ-पंधरा दिवस विष्ठेतून टाकतं आणि टाकल्यावरही तो लागण करण्याजोगा व्हायला निदान एक दिवस लागतो. ट्रेमधली वाळू रोज, आणि घरातल्या दुसऱ्या कुणीतरी, साफ केली की धोका फार कमी होतो. त्यापेक्षा कच्चंपक्कं मटण आणि न धुतलेली भाजी यांकडे लक्ष द्या. मांजराला कच्चं मांस देऊ नका. मनीला घरातच राहू द्या.

लसींबद्दल थोडक्यात. पार्व्हो म्हणजे पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब करणारा विषाणू. पिल्लाला त्याच्या लसी पुन्हा पुन्हा का, तर आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या लसीला निष्प्रभ करू शकते. ती कधी ओसरेल ते सांगता येत नाही, म्हणून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस दरवर्षी, आणि खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर ज्यांच्या पार्किंगमध्ये चिखल येतो त्यांनी तर चुकवूच नये, कारण हा रोग उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो आणि माणसालाही होतो. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग दरवर्षी. कुत्रा चावला, अगदी घरचा लस दिलेला असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद नको, चुना नको, तिखट नको. तडक दवाखाना गाठा.

मागून एका ताईंनी विचारलंय की फाटकाशी बसणाऱ्या कुत्र्यांचं काय करायचं. त्यांना हाकलून काहीच साधत नाही, जागा रिकामी झाली की दुसरी येतात, आणि त्यांचं लसीकरण झालेलं नसतं. कान कापलेला दिसतो तो नसबंदी झालेला, त्याला तिथेच राहू द्यायला हवं, केंद्र सरकारचे २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियमही तेच सांगतात. तुमच्या गेटवर दोन-तीन कुत्री असतील. त्यांचं वजन अंदाजे धरून डॉक्टरांना विचारा, गोचिडींवरची तीच गोळी पोळीच्या तुकड्यात घालून द्या, आणि पुढची तारीख सोसायटीच्या फलकावर लिहा. खर्च सगळ्या फ्लॅटमध्ये विभागला तर फारसा जाणवणार नाही, आणि पार्किंगमधल्या गोचिडी जिन्याने तुमच्या घरात येणं कमी होईल. एखाद्याला जवळ येऊ देण्याइतका विश्वास नसेल तर रोज खाऊ घालणाऱ्या माणसाच्याच हातून द्या. वॉचमनकाका बहुतेक तेच करत असतात, त्यांना आधी विचारा.