‘तोंडं का झाकलीत?’

श्रोतेहो, नमस्कार.

25 मार्च 2025. अमेरिकेत बॉस्टनला अगदी लागून सोमरविल नावाचं शहर आहे. रमजानचे दिवस होते. टफ्ट्स विद्यापीठात पीएच.डी. करणारी तुर्की विद्यार्थिनी रुमैसा ओझतुर्क रोजा सोडायला मित्रमंडळींकडे निघाली होती. संध्याकाळचे सव्वापाच, भर उजेड. फुटपाथवर हुडी घातलेला एक माणूस आडवा आला आणि त्यानं तिचे हात धरले. ती किंचाळली. बघता बघता तिच्याभोवती सहा जण जमले. हातातला फोन काढून घेतला, पाठीवरची सॅक उतरवली, बेड्या घातल्या. अंगावर गणवेश कुणाच्याच नव्हता, तोंडं मात्र झाकलेली. शेजारच्या घराच्या कॅमेऱ्यात हे सगळं टिपलं गेलं. त्यात एका माणसाचा आवाज ऐकू येतो. पकडणारे म्हणतात, आम्ही पोलीस आहोत. तो माणूस विचारतो, तोंडं का झाकलीत?

आज मला बोलायचं आहे ते या विचारणाऱ्या माणसाबद्दल.

पकडणारे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचे, म्हणजे ‘आईस’चे लोक होते. हे खातं 2003 पासूनचं. रुमैसावर कुठलाही फौजदारी गुन्हा नव्हता. वर्षभरापूर्वी विद्यापीठाच्या वृत्तपत्रात गाझाच्या प्रश्नावर तिनं इतरांबरोबर एक लेख लिहिला होता. तिचा व्हिसा रद्द झाला होता आणि तिला ते कळवलंच नव्हतं. पुढं काय झालं ते नीट ऐका. तिला त्याच रात्री न्यू हॅम्पशरमार्गे व्हरमाँटला नेलं, आणि सकाळी विमानानं थेट लुइझियानाला. जवळपास दिवसभर तिच्या वकिलाला पत्ताच नव्हता, बाई आहे कुठं. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायाधीशांनी तिला पूर्वसूचनेशिवाय राज्याबाहेर नेऊ नका असा आदेश दिला, तोवर ती राज्याबाहेर गेलेली होती. तिच्या सुटकेसाठी वकिलाचा अर्ज दाखल झाला त्या क्षणी ती व्हरमाँटमध्ये होती, म्हणून खटला व्हरमाँटच्या न्यायालयात गेला आणि तिथल्या न्यायाधीशांनी 9 मे रोजी तिला सोडायला लावलं. कोण, कधी, कुठं, या तीन गोष्टींवर अशा प्रकरणात माणसाचं नशीब फिरतं. आणि बेड्या पडल्या त्या घटकेला यातलं काही सांगू शकेल असा माणूस रस्त्यावर एकच असतो, तो म्हणजे बघणारा.

कायदा काय म्हणतो? अमेरिकेच्या नियमात स्पष्ट लिहिलं आहे, की अटक करताना शक्य आणि सुरक्षित होताच अधिकाऱ्यानं आपण इमिग्रेशन अधिकारी असल्याचं सांगावं आणि अटकेचं कारणही सांगावं. ‘शक्य आणि सुरक्षित होताच’, ही पळवाट तिथंच आहे. वॉरंटचंही तसंच. आईसच्या बहुतेक वॉरंटवर न्यायाधीशाची सही नसते, खात्याच्याच अधिकाऱ्याची असते. 

खात्याचं म्हणणं असं, की अधिकाऱ्यांचे फोटो आणि पत्ते इंटरनेटवर टाकले जातात, बायकामुलांना धमक्या येतात, म्हणून मुखवटे. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण छातीवर बिल्ल्याचा नंबर लावला म्हणून घरचा पत्ता कळत नाही. आणि 14 जून 2025 ला मिनेसोटात पोलिसाचा वेश करून आलेल्या माणसानं मेलिसा हॉर्टमन या लोकप्रतिनिधीला आणि त्यांच्या पतीला घरी जाऊन ठार केलं. अशा देशात ‘तुम्ही खरंच पोलीस आहात कशावरून?’ हे विचारणं आगाऊपणा कसा ठरेल?

आपल्याकडं हा प्रश्न 1996 सालीच सुटला, निदान कागदावर. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अटक करणाऱ्या पोलिसाच्या नावाची पट्टी ठळक दिसली पाहिजे, आणि अटकेच्या पत्रकावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी. आजच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 36 मध्येही ते आहे. म्हणजे बघणाऱ्याला कायद्यानंच बोलावून शेजारी उभं केलं आहे. प्रत्यक्षात किती पाळलं जातं, तो वेगळा आणि कडू विषय आहे.

अमेरिकेत बघणाऱ्याला किंमत मोजावी लागते. 8 मे 2025 ला वूस्टर शहरात युरेका स्ट्रीटवर आईसची अटक चालू असताना शेजारीपाजारी जमले, ‘वॉरंट दाखवा’ म्हणून अडून बसले. शेवटी स्थानिक पोलीस आले आणि जमावातल्या दोघींनाच अटक झाली. जूनमध्ये न्यूयॉर्क शहराचे तेव्हाचे कंट्रोलर, म्हणजे हिशेबाचे प्रमुख, ब्रॅड लँडर इमिग्रेशन कोर्टाच्या आवारात आईस पकडत असलेल्या एका माणसाचा हात धरून न्यायाधीशाचं वॉरंट मागत होते, तर त्यांनाच बेड्या घातल्या. 2026 च्या जानेवारीत मिनियापोलिसमध्ये केंद्र सरकारच्या इमिग्रेशन अधिकाऱ्यांच्या गोळ्यांनी दोन अमेरिकन नागरिक मेले.

म्हणून, ज्यांची मुलं, सुना, भाचरं एडिसनला, डॅलसला, बे एरियात आहेत, त्यांना मी कळकळीनं सांगते. आपल्याला हे परकं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये लष्करी विमानानं अमृतसरला बेड्या घालून परत आणलेल्या 104 जणांत महाराष्ट्रातलेही होते. मुलांना सांगा: असं काही दिसलं तर अंगावर जाऊ नका, कुणाला ओढू नका, गाडी आडवी घालू नका. अधिकाऱ्याच्या कामात बळानं आडकाठी करणं हा तिथं गंभीर गुन्हा आहे. चार पावलं मागं उभं राहा, हात दिसू द्या आणि मोबाइलवर चित्रण सुरू ठेवा. सार्वजनिक जागी पोलिसांचं चित्रण करण्याचा हक्क बॉस्टनच्या अपील न्यायालयानं 2011 मध्येच मान्य केला आहे. गाड्यांचे नंबर मोठ्यानं वाचा म्हणजे ते रेकॉर्ड होतील. तुम्ही कोणत्या खात्याचे, असं शांतपणे विचारा.

आणि उत्तर मिळालं नाही, तर दुसरा प्रश्न पकडलेल्या माणसाला विचारा, तो माझ्या मते जास्त मोलाचा आहे: तुमचं पूर्ण नाव काय, जन्म कुठल्या देशात झाला, फोन कुणाला करू? आईसच्या संकेतस्थळावर कैद्याचा शोध घ्यायला त्याचा नोंदणी क्रमांक लागतो, आणि तो नसेल तर नाव व जन्मदेश. एवढं हाती असलं, की घरचे त्याच रात्री शोधाला लागू शकतात आणि वकील न्यायालयात अर्ज टाकू शकतो.