चौदा दातांचे चाक

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेत आजचा विषय ‘बंद झालेल्या मॉडेल रेल्वे इंजिनांचे सुटे भाग : शोध आणि पर्याय’ असा छापला आहे. तो इतका भारदस्त दिसतो की दाराशी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी ‘आपण रेल्वेत होता का?’ असे मला अदबीने विचारले. मी रेल्वेत नव्हतो. मी सहकारी बँकेत होतो आणि छत्तीस वर्षे तिथल्या खतावण्या जुळवत होतो. एका पैशाचा फरक राहिला तरी रात्री झोप न येणारा जो माणूस असतो, त्यानेच या छंदात पडावे, असे माझे मत आहे. इतरांनी नुसती गाडी फिरताना पाहावी.

कोल्हापूरला रूळ संपतात. मिरजेहून १८९१ साली आलेली लाईन इथे येऊन थांबते, त्यामुळे इंजिन गाडीच्या एका टोकाचे सोडून दुसऱ्या टोकाला जोडण्याचा खेळ आम्हा मुलांना फुकट पाहायला मिळत असे. तो खेळ पुढे टेबलावर मांडावासा वाटला, तर त्यात नवल नाही. आपल्यापैकी अनेकांनी पुण्याला कोथरूडमधले भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहिले आहे, ते १९९८ पासून सुरू आहे. त्यामुळे एचओ या मॉडेल-मापाची गाडी म्हणजे १:८७ प्रमाण, रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर, हे मी नव्याने सांगत बसत नाही. ब्रिटिश ओओ गाडी १:७६ प्रमाणाची असूनही त्याच १६.५ मिलिमीटरवर चालते. म्हणजे डबा मोठा आणि रूळ अरुंद. या विषयावर मी तासभर बोलू शकतो, परंतु अध्यक्षांनी आताच घड्याळाकडे पाहिले आहे.

इंजिन जोवर नवे असते तोवर कंपनी जिवंत असते. ते बिघडते तेव्हा कंपनी बुडालेली, विकलेली किंवा नाव बदललेली असते. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३८ मध्ये हॉर्नबी-डब्लो ही ओओ गाड्यांची मालिका बाजारात आणली. १९६४ मध्ये मेकॅनोच लाइन्स ब्रदर्सच्या, म्हणजे ट्राय-अँग या प्रतिस्पर्धी गाड्यांच्या मालकांच्या ताब्यात गेली. डब्लोचे बरेच डाय, म्हणजे ओतकामाचे साचे, पुढे रेन या कंपनीकडे पोहोचले आणि तीच इंजिने नव्या नावाच्या खोक्यांतून निघू लागली. मेनलाइन या नावाने विकली जाणारी इंजिने हाँगकाँगच्या कादेर कंपनीत बनत होती. त्या कादेरने १९८७ मध्ये अमेरिकेची बॅकमन कंपनी विकत घेतली आणि मेनलाइनच्या घराण्यातली इंजिने बॅकमनच्या खोक्यात दिसू लागली. इटलीच्या लिमा कंपनीचा कारभार २००४ मध्ये आटोपला, तेव्हा तिचा वारसा हॉर्नबीकडे आला. तात्पर्य, सुटा भाग शोधणाऱ्याने कंपनीचे नाव विचारू नये, डायचा सातबारा काढावा. हा सातबारा काढण्यासाठी तलाठ्याला भेटावे लागत नाही, एवढीच त्यातली सोय आहे.

मात्र सातबाऱ्यावर जमीन कळते, विहिरीला पाणी आहे की नाही हे कळत नाही. डायचा नवा मालक सापडला, तरी त्याच्याकडे बहुतेक वेळा वरचे कवच, खिडक्या, बफर एवढेच मिळते. आतली मोटर आणि गिअर दर दहा-पंधरा वर्षांनी बदललेले असतात. हे मला ज्या प्रसंगातून कळले तो आता सांगतो, आणि तो थोडा लांबणार आहे.

माझ्याकडे अमेरिकन धाटणीचे एक डिझेल इंजिन आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम घेत नाही. एके दिवशी ते चालताना ‘टक्, टक्, टक्’ असा आवाज करू लागले. चाकाच्या एका फेऱ्याला एक टक्, बरोबर तालात. मी आधी रूळ पुसले, मग चाके पुसली, मग मोटरला तेल दिले, आणि हे सर्व केल्यावर आवाज अधिक स्पष्ट झाला. बोगी, म्हणजे इंजिनाखालचा चाकांचा गाडा, उघडली, तेव्हा आसावरचे नायलॉनचे गिअर दोन दातांच्या मधोमध चिरलेले दिसले. कारण साधे आहे. नायलॉनचे भोक आसापेक्षा अगदी किंचित लहान ठेवून ते दाबून बसवलेले असते. प्लॅस्टिक वर्षानुवर्षे त्या ताणाखाली राहते, थोडे आकसते आणि शेवटी सर्वांत कमजोर जागी, म्हणजे दाताच्या मुळाशी, फुटते. चीर पडली की त्या दोन दातांमधले अंतर वाढते आणि शेजारचे गिअर दर फेऱ्याला तिथेच अडखळते. इंजिन बिघडलेले नसते, त्याचा एक दात हलत असतो एवढेच.

खोक्यातल्या माहितीपत्रकात त्या गिअरचा नंबर होता. परदेशातल्या एका विक्रेत्याला मी तो नंबर कळवला. त्याचे उत्तर आले की हा माल आता बनत नाही, आपण नवे इंजिन घ्यावे. बैलाच्या पायाला नाल नाही म्हणून बैलच बदला, असे सांगणारा माणूस आपल्या भागात बाजाराच्या दिवशी टिकला नसता. दुसऱ्या विक्रेत्याकडे मात्र तोच नंबर शिल्लक होता. सहा गिअरांची पुडी, तिच्या तिप्पट टपालखर्च, आणि त्यावर भरलेले शुल्क, असे मिळून जे झाले तो आकडा मी घरी अजून सांगितलेला नाही. घरची मंडळी पहिल्या रांगेत बसली आहेत, म्हणून इथेही सांगत नाही. पुडी आली, नंबर अक्षरशः तोच होता, आणि मोजले तर दात पंधरा. माझ्या गिअरला चौदा. कंपनीने मधल्या काळात आतली रचना बदलली होती आणि नंबर तसाच ठेवला होता. बँकेत एकाच खाते क्रमांकावर दोन खातेदार निघाले असते, तर आमच्या व्यवस्थापकांना रजेवर जावे लागले असते.

मग मी ते चिरलेले चाक कागदाच्या पुडीत घालून शिवाजी उद्यमनगरात, आपल्या कारखान्यांच्या वस्तीत, गेलो. या उद्यमनगराविषयी कोल्हापूरकरांना काही सांगणे म्हणजे अंबाबाईला कुंकवाची ओळख करून देणे आहे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली चित्रपटाचा कॅमेराच तयार केला, त्या गावात चौदा दातांचे चाक अडेल, असे मला वाटले नाही. तिथल्या एका मेस्त्रींनी पुडी उघडली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाले, ‘साहेब, ह्यो दात हाय का तीळ? उसाच्या चरकाचं गिअर आणा, परवा देतो. हे धरायचं कशात?’ त्यांचे खरे होते. त्यांच्याकडचे सर्वांत लहान गिअर माझ्या अख्ख्या इंजिनाएवढे होते. तरी त्यांनी मला परत पाठवले नाही. त्यांनी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घेण्याची जबड्यांची पट्टी, काढला आणि जे शिकवले, त्यासाठीच आजचे हे व्याख्यान आहे.

त्यांनी सांगितले की गिअरला नाव नसते, माप असते. दात मोजायचे, त्यात दोन मिळवायचे, आणि बाहेरच्या व्यासाला त्या बेरजेने भागायचे. जो आकडा येतो त्याला मोड्यूल म्हणतात. दोन गिअरांचे मोड्यूल एक असेल आणि दातांचा घाट सारखा असेल, तर ती एकमेकांत बसतात, मग एक गिअर अमेरिकेचे असो की इचलकरंजीच्या यंत्रमागाचे. माझ्या चाकाचा व्यास ६.५६ मिलिमीटर भरला. त्याला सोळाने भागल्यावर ०.४१ आले, आणि मेस्त्रींनी मान हलवली, ०.४१ असे मोड्यूल कोणी बनवत नाही. चूक माझी होती. चिरलेले चाक फाकलेले असते, त्याचा व्यास खोटा येतो. दुसऱ्या बोगीतले शाबूत चाक मोजले, तर व्यास ६.३६ भरला. तेव्हा मेस्त्री हसून म्हणाले, ‘हे इंचातलं हाय.’ अमेरिकन पद्धतीत एका इंच व्यासामागे किती दात ते धरतात. इंचाला चौसष्ट दात या हिशेबाने चौदा दातांच्या चाकाचा बाहेरचा व्यास सोळा भागिले चौसष्ट, म्हणजे पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर येतो. आपल्या मेट्रिक ०.४ मोड्यूलचे तेच चाक ६.४ भरते. फरक ०.०५ मिलिमीटरचा, आणि एवढ्या लहान चाकाला तो सहज खपतो.

त्या क्षणी माझा शोध संपला, कारण ०.४ मोड्यूलची गिअर जगात कुठेही पडलेली असतात. घरचा बंद पडलेला प्रिंटर उघडला, जुना टेपरेकॉर्डर उघडला, शेजाऱ्यांच्या नातवाची मोडकी रिमोटची गाडी त्यांच्या परवानगीने उघडली. चौदा दातांचे पांढरे चाक तिसऱ्या ठिकाणी मिळाले. त्याचे भोक लहान होते. ते एका घड्याळजींनी त्यांच्या छोट्या लेथवर वाढवून दिले, आणि आसापेक्षा भोक फार लहान ठेवू नका, नाही तर हेही चिरेल, हे मी त्यांना सांगण्याआधी त्यांनीच मला सांगितले. टक्-टक् थांबली. या सर्वाला पाच महिने लागले.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. तीत ‘सात मिनिटे’ असे लिहिले आहे, आणि मूळ विषय अजून सुरू व्हायचा आहे. तेव्हा उरलेले घाईने सांगतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की, आपल्यातल्या प्रत्येकाने इंजिन चालू असतानाच त्याच्या मापांची नोंदवही करावी. तुटल्यावर घेतलेले माप खोटे असते, हे माझ्या ६.५६ वरून दिसले. वहीत प्रत्येक गिअरचे दात, बाहेरचा व्यास, जाडी आणि भोक लिहावे. दात विषम असतील, तर व्हर्नियरच्या एका जबड्यावर दात आणि समोर खाच येते व व्यास कमी भरतो, म्हणून तसा शेरा मारावा. वर्मशी, म्हणजे मोटरच्या दांड्यावरच्या स्क्रूसारख्या गिअरशी, जुळणाऱ्या गिअरचे दात तिरके आहेत का, हेही पाहावे.

मोटरचे म्हणाल, तर लांबी, रुंदी, दांड्याची जाडी आणि व्होल्ट लिहावेत. जुन्या चपट्या मोटरींच्या जागी सीडी ड्राइव्हमधली छोटी मोटर बसवण्याची पद्धत परदेशात रुळली आहे. फक्त ती साधारण ५-६ व्होल्टची असते आणि रुळांवर १२ व्होल्ट असतात, म्हणून मध्ये रोध (रेझिस्टर) घालावा लागतो. कार्बन ब्रश मोठ्या ब्रशातून कानशीने घासून करता येतात. चाकावरचा रबरी पट्टा कडक झाला, तर योग्य व्यासाची पातळ ओ-रिंग चालते, मात्र ती खाचेबाहेर आली तर इंजिन एका बाजूला उचलले जाते. रेझिनच्या थ्रीडी छपाईत बफर, शिड्या, घुमट उत्तम निघतात. गिअर मात्र ठिसूळ होतात, त्यावर पैसे घालू नयेत.

एका रोगाला उपाय नाही, तो सांगून टाकतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची थोडी जरी भेसळ राहिली, तर तिचा ओतलेला इंजिनाचा सांगाडा काही वर्षांनंतर आतून फुगतो, वाकतो आणि भाकरीसारखा तुकडे तुकडे होतो. दमट हवेत हे लवकर होते, आणि आपल्याकडे जूनपासून काय असते ते आपण जाणताच. असा सांगाडा चिकटवत बसू नये. तो पुरता वाकण्याआधी त्याची मापे घ्यावीत आणि पितळेत नवा करून घ्यावा; ते काम उद्यमनगरात होते, कारण तो तीळ नसतो.

नोंदवह्या एकत्र करून आपल्या मंडळात ठेवाव्यात, असा ठराव मी मांडणार होतो, त्याचा मसुदाही खिशात आहे. पण दुसरी चिठ्ठी आली आहे आणि तीवर काही लिहिलेले नाही. मसुदा अध्यक्षांकडे देतो. ते इंजिन बाहेरच्या टेबलावर ठेवले आहे, ज्यांना चालवायचे आहे त्यांनी अवश्य चालवावे. फक्त मागच्या बोगीत तीन गिअर अजून मूळचीच आहेत, तेव्हा वेगाचा नियंत्रक अर्ध्यापुढे नेऊ नये.