ॲस्पेरिटी आणि पारुष्य

मित्रहो, ७ फेब्रुवारी १७५५ रोजी लंडनमध्ये सॅम्युएल जॉन्सन यांनी लॉर्ड चेस्टरफील्ड यांना एक पत्र लिहिले. आपण ज्याला खरमरीत पत्र म्हणतो, त्याचा इंग्रजीतला हा बहुधा सर्वांत प्रसिद्ध नमुना असावा. इंग्रजी शब्दकोशाचे काम सुरू केले तेव्हा जॉन्सन या धनिकाच्या दारी ताटकळत राहिले होते आणि त्यांना त्या दारातून परतवून लावले गेले होते. सात वर्षांनी कोश पुरा होत आला, तेव्हा त्याच चेस्टरफील्ड यांनी एका नियतकालिकात कोशाची भलामण करणारे दोन लेख लिहिले. त्यावर जॉन्सन यांनी कळवले की, जिथे उपकार झालेलाच नाही तिथे तो मान्य न करणे ही काही फार तुसडी ‘ॲस्पेरिटी’ ठरू नये. पुढे एप्रिलमध्ये कोश प्रसिद्ध झाला आणि त्यात या शब्दाचे तीन अर्थ क्रमाने आले: पृष्ठभागाचा खडबडीतपणा, आवाजाचा किंवा उच्चाराचा कर्कशपणा आणि स्वभावाचा राठपणा. आज मला जे सांगायचे आहे ते या क्रमाविषयीच आहे.

शब्दाचे मूळ लॅटिनमधले ‘आस्पेर’ हे विशेषण. हाताला जे खरखरीत लागते ते आस्पेर. पण रोमन माणूस जिभेला झोंबणाऱ्या दारूला, खवळलेल्या समुद्राला आणि कडाक्याच्या हिवाळ्यालाही हाच शब्द लावत असे. वैद्यकातली त्याची उदाहरणे मला विशेष बोलकी वाटतात. ज्या नेत्ररोगाला आपल्याकडे खुपऱ्या म्हणतात, त्यात पापणीची आतली बाजू खरखरीत होते. पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस त्याला याच धातूवरून ‘आस्प्रितुदो’ म्हणतो, आणि आजचे ‘ट्रॅकोमा’ हे नावही खडबडीत या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच पडले आहे. आपली श्वासनलिका कूर्चेच्या कड्यांमुळे हाताला उंचसखल लागते, म्हणून ग्रीकांनी तिला ‘खडबडीत नळी’ म्हटले आणि रोमन वक्ता सिसेरो याने त्याचे लॅटिन ‘आस्पेरा आर्तेरिया’ असे केले. डॉक्टर ‘ट्रॅकिया’ म्हणतात तेव्हा ते नुसते ‘खडबडीत’ एवढेच म्हणत असतात. नळी वाटेत गळून गेली आहे.

याहून नवलाची वाट ‘आस्पेर’ या लॅटिन शब्दाने ग्रीकमध्ये धरली. टांकसाळीतून नुकत्याच निघालेल्या नाण्यावरचा ठसा बोटाला टोचतो, तर हातोहाती फिरलेले नाणे गुळगुळीत होते. नीरो बादशहा लोकांकडून कर घेताना नवे, ‘खरखरीत’ नाणेच हवे असा हट्ट धरत असे, अशी नोंद चरित्रकार सुएटोनियस याने केली आहे. नवे चांदीचे नाणे खरखरीत असते तसे लखलखीत पांढरेही असते. त्यामुळे बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातल्या, ग्रीकांच्या तोंडी हा शब्द हळूहळू त्या नाण्याचे नाव झाला आणि नाण्यावरून रंगाचे नाव झाला. आज अथेन्समध्ये पांढऱ्या रंगाला ‘आस्प्रो’ म्हणतात आणि त्यात खडबडीतपणाचा मागमूसही उरलेला नाही. इटलीच्या दक्षिण टोकाला आस्प्रोमोन्ते नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. त्या भागात ग्रीकही बोलली जात असल्यामुळे या नावाचा अर्थ ‘खडकाळ डोंगर’ घ्यावा की ‘पांढरा डोंगर’, असा वाद होऊ शकतो.

लॅटिनच्याही मागे गेले की जमीन भुसभुशीत होते. या शब्दाची व्युत्पत्ती निश्चित नाही, असेच प्रामाणिकपणे म्हणावे लागते. तरी एक तर्क असा आहे की तो संस्कृतातल्या ‘अपस्फुर्’ या शब्दाचा नातलग असावा. अपस्फुर् म्हणजे झिडकारणारा, दूर लोटणारा. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात इंद्र आणि वरुण यांच्याकडे ‘अनपस्फुरन्ती’ धेनू मागितली आहे, म्हणजे धार काढताना लाथ न झाडणारी गाय. हा तर्क खरा ठरला, तर खरखरीत म्हणजे मुळात बोटाला लाथाडणारे. तर्क मोहक आहे, आणि मोहक व्युत्पत्ती दिसली की अभ्यासकाने अधिक सावध व्हावे, म्हणून मी तो येथेच ठेवतो.

इंग्रजीत हा शब्द तेराव्या शतकाच्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून आला, तेव्हा त्याचे रूप ‘आस्प्रेते’ असे होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की त्या वेळी त्याचा अर्थ खडतर आयुष्य, कठोर व्रताचरण असा होता. भिंतीचा किंवा दगडाचा खडबडीतपणा मागाहून आला. म्हणजे जॉन्सन यांच्या कोशातला क्रम हा अर्थांच्या तर्काचा क्रम आहे. इंग्रजीने ते अर्थ त्या क्रमाने स्वीकारले असे मात्र नाही. पुढे विद्वानांनी लॅटिनकडे पाहून शब्दाचे स्पेलिंग सुधारले आणि आजचे रूप रूढ झाले. चिडवणे, वैताग आणणे या अर्थाचे ‘एक्झॅस्परेट’ हे क्रियापद याच घराण्यातले. त्याचा शब्दशः अर्थ खरखरीत करून सोडणे. ‘ॲस्पिरेट’ मात्र या घरातला नाही. तो ‘श्वास घेणे’ या क्रियापदावरून आला आहे. घोटाळा व्हायला कारण आहे, कारण ग्रीक लिपीत शब्दारंभीच्या ‘ह’ ध्वनीसाठी जे चिन्ह लिहितात त्याचे लॅटिन नाव ‘स्पिरितुस आस्पेर’, म्हणजे खरखरीत श्वास असे आहे आणि त्या नावात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसले आहेत.

आता आपल्या घरात पाहू. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या मांड्यांना हत्तीच्या सोंडेची उपमा का देता येत नाही हे सांगताना कालिदास सोंडेच्या त्वचेचे ‘कर्कशत्व’ हे कारण देतो. तिथे कर्कश म्हणजे हाताला खरखरीत. मराठीत हा शब्द हातावरून उठून कानावर गेला. आज कर्कश असतो तो भोंगा किंवा आवाज, आणि भांडखोर बाईला ‘कर्कशा’ म्हणायची जुनी रीतही होतीच. ‘परुष’ शब्दाचा प्रवास तर ॲस्पेरिटीच्या जवळजवळ समांतर आहे. ‘परुस्’ म्हणजे बोरूचे पेर, आणि परुष म्हणजे पेरापेरांचे, गाठाळ. त्यातून खडबडीत हा अर्थ आला. पुढे काव्यशास्त्राने कठोर वर्णांच्या रचनेला ‘परुषा’ वृत्ती म्हटले, म्हणजे शब्द कानापर्यंत पोचला. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दंभ, दर्प आणि क्रोध यांच्या पंगतीला ‘पारुष्य’ बसते, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘वाक्पारुष्य’ हा दंडास पात्र असलेला अपराध होतो. जॉन्सन यांचे तिन्ही अर्थ आपल्याकडे एकाच शब्दात सापडतात, आणि ते परस्परांची उसनवारी न करता आले आहेत. स्पर्शाचे शब्द स्वभावाकडे सरकण्यासाठी फार काही लागत नाही. ज्याच्याशी बोलताना आपण सोलवटून निघतो त्याला खरखरीत म्हणावे, हे दोन्ही संस्कृतींना आपापले सुचले.

विसाव्या शतकात इंग्रजी शब्द पुन्हा पृष्ठभागावर उतरला, पण या खेपेला अनेकवचन घेऊन. केंब्रिजमधले फ्रँक बाउडन आणि डेव्हिड टेबर यांनी दाखवले की आरशासारखे घासलेले दोन धातूही सूक्ष्म पातळीवर डोंगरदऱ्यांचेच असतात. ते एकमेकांवर ठेवले तर फक्त काही शिखरे टेकतात आणि खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी थोड्या भागात होतो. वजन वाढले की शिखरे चेपतात, टेकणारे क्षेत्र वाढते आणि म्हणून घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढते. या शिखरांना ते ‘ॲस्पेरिटीज’ म्हणतात. १९८१ मध्ये थॉर्न ले आणि हिरो कानामोरी या भूकंपशास्त्रज्ञांनी मोठ्या भूकंपांच्या मालिका समजावताना हीच कल्पना प्रस्तरभंगाला, म्हणजे भूकवचातल्या भेगेला लावली: भेगेच्या दोन बाजू सरकू पाहत असताना जिथे त्या घट्ट अडकून राहतात ती जागा म्हणजे ॲस्पेरिटी, आणि ती सुटली की धरणी हादरते.

येथे मराठी अनुवादक अडतो. ‘खडबडीतपणा’ हे गुणाचे नाव आहे. त्याचे अनेकवचन होत नाही, आणि पाच खडबडीतपणे मोजता येत नाहीत. ‘उंचवटे’ चालेल, पण त्यात अडकण्याचा भाव नाही. मला विचाराल तर ‘कंगोरे’ हा शब्द घ्यावा: तो मोजता येतो, हाताला लागतो, आणि मराठी माणूस तो दगडाला लावतो तसाच स्वभावालाही लावतो.